राजसभेतील प्रार्थना

राज्यकारभाराच्या सभेला आरंभ करताना देवाचे नाव घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न वरवर पाहणाराला फारसा गहन वाटत नाही. ज्या देशात दुकानदार सकाळी गल्ल्याला हात लावून तो डोळ्यांना लावतो, शेतकरी पेरणीची पहिली मूठ देवाचे नाव घेऊन सोडतो आणि जमाखर्चाच्या वहीचे पहिले पान ‘श्री’ काढल्यावाचून लिहिले जात नाही, त्या देशात सभेपूर्वी दोन क्षण हात जोडले तर कोणाचे काय बिघडले, असे कोणीही सहजच विचारील. परंतु हे हात कोणी, कोणाच्या वतीने आणि कोणत्या अधिकाराने जोडावयाचे, असे विचारताच प्रश्नाचे रूप पालटते, आणि धर्मचिंतन व राज्यचिंतन ही दोन्ही जेथे एकमेकांना भिडतात अशा स्थळी आपण येऊन पोचतो.

आपल्या संसदेच्या कामकाजात प्रार्थनेची तरतूद नाही. तथापि जे नियमाने आत आले नाही ते रूढीने दारापर्यंत येऊन बसले आहे, हेही तितकेच खरे. कोनशिला बसवावयाची असो, नव्या कचेरीचा उंबरठा ओलांडावयाचा असो की नव्या पदाधिकाऱ्याने खुर्ची स्वीकारावयाची असो, तालुक्याच्या गावापासून राजधानीपर्यंत नारळ, समई, भटजी आणि पूजेचे तबक ही सामग्री शासकीय समारंभाचा भाग होऊन गेली आहे. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले तेव्हाही आधी होमहवन आणि मागून सर्वधर्मप्रार्थना असा क्रम होता. या रूढीला विरोध उठला तो मात्र एखाद्या नास्तिकाच्या व्यासपीठावरून उठला नाही. मावळच्या शिवेला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये ३ मार्च २०२४ रोजी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन होते. त्या समारंभात सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक यांनी असे प्रतिपादन केले की, न्यायालयाच्या कार्यक्रमांतील पूजाअर्चा आता थांबवावी आणि तिच्या जागी संविधानाच्या उद्देशिकेसमोर मस्तक नमवून कार्यास आरंभ करावा. ज्या समारंभाचे नावच भूमिपूजन, त्या समारंभात हे बोल उच्चारले जावेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. न्यायमूर्तींचे म्हणणे काहींना रुचले, काहींना ते परंपरेचा अधिक्षेप वाटले. पण दोन्ही पक्षांनी एका मूळ गोष्टीची रुजुवात घातली नाही, आणि ती म्हणजे प्रार्थना ही वस्तू मुळात काय आहे.

प्रार्थना म्हणजे याचना नव्हे, स्तुतीही नव्हे; आपण अपुरे आहोत ही जाणीव ज्याला झाली आहे अशा जीवाने आपल्याहून मोठ्या कशासमोर तरी स्वेच्छेने केलेले ते आत्मनिवेदन आहे. या व्याख्येतील प्रत्येक पदावाचून प्रार्थनेचे प्रार्थनापण उणे होते. जीव हवा, कारण अंतःकरण असल्यावाचून निवेदन संभवत नाही. अपुरेपणाची जाणीव हवी, कारण तृप्ताला आणि उन्मत्ताला प्रार्थना सुचत नाही. आणि स्वेच्छा तर सर्वांत आधी हवी, कारण दुसऱ्याच्या हुकुमावरून जोडलेले हात ही कवायत होय. आता राज्यसंस्थेकडे पाहिले तर या तिन्ही अटी तिच्या ठायी कोठेच भेटत नाहीत. राज्यसंस्था ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे; तिला तिजोरी आहे, दफ्तर आहे, शिपाईप्यादे आहेत, पण अंतःकरण नाही. ती आपले अपुरेपण कबूल करीत नाही, कारण तिच्या हुकुमाची तामिली होते ती ती अपुरी नाही या गृहीतावरच. आणि ती जे बोलते ते विनंतीच्या सुरात बोलली तरी ऐकणाराच्या कानी हुकूम म्हणूनच पडते. अध्यक्षाच्या आसनावरून ‘आपण सारे प्रार्थना करू या’ असे शब्द आले की सभागृहातील जो सभासद उभा राहत नाही तो अध्यक्षांचा अवमान करतो की देवाचा, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

शाळेतल्या लेकराच्या बाबतीत आपल्या कायद्याने हा विवेक केलेला आहे. शासनमान्य वा शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक उपासनेस हजर राहावयास लावता येत नाही, असे संविधानाचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो. नाशिक जिल्ह्यातील एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याचा पक्ष ग्राह्य धरला. ज्या संरक्षणाचा हक्क विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला आहे तो लाखो मतदारांच्या वतीने बसलेल्या लोकप्रतिनिधीला नसावा, असे म्हणण्याला आधार कोणता?

परंपरेचा आधार आहे, असे उत्तर मिळेल. तर मग परंपरेचाच दाखला काढू, आणि तो मावळातच काढू, कारण या भूमीइतका जुना दाखला महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच सापडेल. लोणावळ्याहून पुण्याकडे येताना डाव्या हाताला कार्ल्याचा डोंगर लागतो. त्या डोंगरातील बौद्धांच्या महाचैत्यावर आणि लगतच्या लेण्यांवर दोन हजार वर्षांच्या आसपासचे शिलालेख आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सुतार आहेत, धेनुकाकट गावचे यवनही आहेत, आणि राजपुरुषांची दानपत्रेही आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथील वलूरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या योगक्षेमासाठी करजिक नावाचे गाव दिले. लेखाचा आरंभ एका मंगलवचनाने होतो, आणि लगेच दात्याच्या अन्य दानांची यादी येते: देवांना व ब्राह्मणांना दिलेली गावे, प्रभास तीर्थी केलेली कन्यादाने, ब्राह्मणभोजने. म्हणजे दाता स्वतः कोणत्या श्रद्धेचा होता हे तो लपवीत नाही. पण गाव देताना मात्र ते चारी दिशांकडून येणाऱ्या प्रव्रजितांसाठी, पंथाचा वा मूळ स्थानाचा भेद न करता, दिले असे तो कोरून ठेवतो. पुढे सातवाहनांची सत्ता आली आणि त्यांच्या राजाने मामाल येथील, म्हणजे आपल्या मावळातील, अमात्याला आज्ञा पाठवून हेच गाव वलूरकाच्या भिक्षूंकडे चालू ठेवले व त्याला सवलती दिल्या. त्यांत एक सवलत अशी की राजाच्या चाकरांनी त्या जमिनीत पाऊल टाकू नये.

मावळचे नाव ज्या सर्वांत जुन्या राजकीय कागदात, कागदात कसले, पाषाणात येते, त्याचा आशय असा आहे. राजसत्तेने धर्मस्थानाला पोसले, त्याचे रक्षण केले, आणि मग आपल्याच चाकरांना त्याच्या शिवेबाहेर थांबविले. राजाची आज्ञा डोंगर चढून लेण्यापाशी गेली. लेण्यातील उपासना राजाने खाली उतरवून आपल्या राजसभेत मांडल्याचा निर्देश या लेखांत नाही. आज त्याच चैत्याच्या दाराशी एकवीरेचे देऊळ आहे, कोळी बांधव आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आपल्या कुलस्वामिनीच्या दर्शनाला तेथे वर चढतात, आणि एकाच अंगणात तथागताचा स्तूप व देवीचा गाभारा शेजारी शेजारी नांदतात. ही सहवसती कोणा सरकारी ठरावाने घडलेली नाही.

मध्ययुगीन कारभाराची साक्ष काढावी तर तीही विचारात घेण्याजोगी आहे. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे, देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे, महाजन, बलुते हाजिर मजलिस होत, आणि निवाड्याचा महजर तयार झाला की त्यावर पाटलाच्या नांगराच्या निशाणीसोबत काजीचा शिक्काही उमटे. तंट्यात साक्षीदाराला क्रिया करावी लागे, तेव्हा हिंदूने बेलभंडार उचलावा, मुसलमानाने कुराणाची शपथ वाहावी, असा संकेत होता. या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता. जातीप्रमाणे न्याय बदले, तापल्या तुपातून रवा काढण्याच्या दिव्यावर सत्यासत्य ठरे, आणि त्या व्यवस्थेकडे परत जावे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण तिच्यातील एक बारकावा आपल्या उपयोगी आहे. देवाची साक्ष प्रत्येकाने आपापल्या देवाची काढावयाची होती. मजलिशीचा म्हणून एक देव ठरवून तो सर्वांवर लादला जात नव्हता.

इंग्रजी अमदानीत हाच धागा वेगळ्या तऱ्हेने पुढे गेला. १८४० च्या कायद्याने हिंदू व मुसलमान साक्षीदारांना गंगाजलाची किंवा कुराणाची शपथ घेण्याच्या सक्तीतून मोकळे करून साध्या प्रतिज्ञेची मुभा दिली. आजचा शपथविषयक कायदा १९६९ चा आहे आणि तोही ईश्वराच्या नावाची शपथ व गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही मार्ग मोकळे ठेवतो. चित्रपटांतून दिसणारी गीतेवर हात ठेवण्याची रीत ही पडद्यावरची आहे. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील मंत्र्यांच्या व विधिमंडळ सदस्यांच्या शपथेतही हेच दोन पर्याय आहेत. या मुभेची किंमत इंग्लंडात एका माणसाने मोजली होती. चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक १८८० साली नॉर्थॅम्प्टनमधून कॉमन्स सभेवर निवडून आला, शपथेच्या प्रश्नावरून त्याला सहा वर्षे निर्वेध आसन मिळाले नाही, मतदारांनी त्यालाच पुनःपुन्हा निवडून दिले, आणि अखेरीस १८८८ साली प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना देणारा कायदा त्याच्याच प्रयत्नाने झाला. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबईतील काँग्रेस अधिवेशनाला हिंदुस्थानचा कैवारी म्हणून आला होता. ज्या सभागृहाने त्याला देवाच्या नावावरून दाराबाहेर ठेवले त्या सभागृहात हिंदी प्रजेचे गाऱ्हाणे मांडणारा तोच निघाला, ही घटना देवाचे नाव आणि लोकांचे कल्याण यांचा संबंध किती अनिश्चित आहे याची नोंद करून ठेवते.

शपथेत ईश्वराचे नाव चालते, मग प्रार्थनेत का चालू नये, असा आक्षेप येथे येईल. दोहोंत अंतर मोठे आहे. शपथ एकेकाने घ्यावयाची असते. तीत ‘मी’ असतो, आणि त्या ‘मी’ला ईश्वर हवा की नको हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याच हाती राहतो. सभेची प्रार्थना ‘आम्ही’च्या नावे होते, आणि त्या ‘आम्ही’त कोण कोण सामावले हे तिसराच कोणीतरी ठरवितो.

हेच अंतर आपल्या संविधान सभेने १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ओळखले. उद्देशिकेचा मसुदा विचारासाठी आला असता ह. वि. कामत यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती सुचविली. कामत हे सुभाषबाबूंचे सहकारी, प्रामाणिक आणि भाविक गृहस्थ. त्यांच्या हेतूविषयी कोणालाच शंका नव्हती. पण विरोध झाला तो मुख्यतः आस्तिकांकडूनच. पट्टम थाणू पिळ्ळै यांनी आपण स्वतः श्रद्धावान आहोत हे सांगूनच, अशा शब्दांनी श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होते असा आक्षेप घेतला. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनविले की देवावर मत देण्याच्या संकटात सभासदांना टाकू नका. आणि पं. हृदयनाथ कुंझरू, जे पुण्यात गोखल्यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते, त्यांनी असा मुद्दा मांडला की, ज्या उद्देशिकेत विचार, श्रद्धा व उपासना यांच्या स्वातंत्र्याची हमी आहे तिच्याच माथ्यावर एका श्रद्धेचा सामुदायिक उच्चार बसविणे हे त्या हमीला छेद देणारे आहे. अखेर मते मोजली गेली. दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८. ही फेटाळणी पाखंडाचा विजय होती असे समजणारे त्या सभेची भाषणे वाचीत नाहीत. सत्तावीस मतांनी पराभव झाला तो देवाचा झाला नाही. देव मतांनी निवडून आणण्याच्या कल्पनेचा झाला. आणि समजा आकडे उलटे पडते, तर ४१ जणांच्या विरोधाला न जुमानता स्थापिलेला तो देव कोणा भक्ताला आपला वाटला असता?

अन्य देशांचे अनुभव थोडक्यात पाहू. इंग्लंडच्या कॉमन्स सभेत प्रतिदिनी ख्रिस्ती प्रार्थना होते आणि अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये १७८९ पासून पगारी धर्मोपदेशक आहेत. १४ सप्टेंबर २००० रोजी, आपले पंतप्रधान वाजपेयी अमेरिकेत असताना, तेथील प्रतिनिधिगृहात प्रथमच एका हिंदू पुरोहिताने प्रार्थना म्हटली आणि आपल्याकडे अनेकांना धन्य वाटले. परंतु १२ जुलै २००७ रोजी सिनेटमध्ये दुसरे हिंदू धर्मोपदेशक प्रार्थनेस उभे राहिले तेव्हा प्रेक्षकसज्जातून काही ख्रिस्ती माणसांनी आरडाओरड करून त्यांना अडविले व पोलिसांना त्या आरडाओरड करणारांस बाहेर न्यावे लागले. पाहुणा म्हणून बोलावलेल्या देवाची ही अशी अवस्था होते. तो यजमानाच्या मर्जीवर आत येतो आणि यजमानाच्या शेजाऱ्याच्या मर्जीवर अपमानित होतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१५ रोजी क्युबेकमधील सॅग्ने नगरपालिकेच्या खटल्यात निर्णय दिला की, नगरपालिकेच्या सभेतील प्रार्थना राज्यसंस्थेच्या तटस्थतेचा भंग करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आदल्याच वर्षी अशाच प्रश्नावर पाच विरुद्ध चार अशा बहुमताने उलट निकाल दिला होता. परदेशातील हिंदू कुटुंबांना यांपैकी कोणता निकाल अधिक आश्वासक वाटेल, हे ज्याने त्याने आपल्या तेथील भाचरा-पुतण्यांना डोळ्यांपुढे आणून ठरवावे. आणि मग तोच न्याय येथील अल्पसंख्याकांना लावावा.

आता प्रार्थनेच्या बाजूची बलवान युक्ती तपासू. ती अशी की, सर्व धर्मांच्या प्रार्थना ओळीने म्हटल्या म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही. महात्माजींचे उदाहरण याला आधार म्हणून दिले जाते. परंतु महात्माजींची प्रार्थनासभा ही सरकारी सभा नव्हती, तेथे येणारा आपखुशीने येत होता. आणि इतके असूनही १९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या भंगी वस्तीत कुराणातील वचनांना हरकत घेण्यात आली तेव्हा त्यांनी ती हरकत बहुमताच्या जोरावर दाबून टाकली नाही, प्रार्थनाच थांबविली. ज्याने प्रार्थनेवर आयुष्य उभारले त्याला एका माणसाच्या असंमतीचे एवढे मोल वाटले. आपल्या सरकारी सर्वधर्मप्रार्थनेत हे मोल कोठे आहे? शिवाय ही यादी कोणी करावयाची? मावळातच पाहा. येथे वारकरी आहेत, ज्यांच्या तुकोबांचे चिंतन भंडाऱ्याच्या डोंगरावर झाले. तुकोबांची गाथा उतरून घेणारे संताजी जगनाडे यांचे सुदुंबरे गाव येथेच आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या परंपरेतील बौद्ध आहेत. मुसलमान, जैन, ख्रिस्ती, पारशी आहेत. आणि डोंगरकपारीत राहणारे ठाकर, कातकरी व महादेव कोळी आहेत. सर्वधर्मप्रार्थनेच्या व्यासपीठावर वाघोबाच्या भगताला आजवर कोणी पाचारण केले आहे काय? यादीत न बसणारा माणूस हा नेहमी सर्वांत दुबळाच असतो, आणि ज्या सभेत त्याच्या वनजमिनीचा दावा निघावयाचा त्याच सभेच्या पहिल्या पाच मिनिटांत त्याला हे कळून चुकावे की येथे आपला देव नोंदला गेलेला नाही, याहून मोठा अन्याय कोणता? ज्याला कोणताच देव मान्य नाही त्याची गोष्ट तर वेगळीच राहते.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. ते नास्तिक नव्हते. निर्मिकावर त्यांची दृढ श्रद्धा होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असे एक कुटुंब कल्पिले आहे की ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी, आणि तरीही सारे एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने नांदतात. अशा घरात जेवणाच्या पंगतीला एकाच धर्माचा श्लोक सक्तीने म्हणावयाचा ठरला तर त्या घराचे काय होईल? आपले सभागृह हे त्या घराचेच मोठे रूप आहे, आणि तेथे नांदणारांना एकमेकांची निवड करण्याची सोयही नाही.

दुसरी युक्ती अशी की, दीप लावणे, नारळ फोडणे ही संस्कृती आहे, धर्म नव्हे. ही युक्ती करणारा आपल्याच देवावर अन्याय करतो. जो अग्नी देव म्हणून पेटविला त्याला हरकत आली की संस्कृती म्हणावयाचे आणि हरकत ओसरली की पुन्हा नमस्कार करावयाचा, ही वकिली भक्ताला शोभत नाही. सार्वजनिक वस्तू खरोखरीच सर्वांची करावयाची तर काय करावे लागते हे आपल्या थोरांनी दाखवून दिले आहे. ‘वंदे मातरम्’ या गीताविषयी १९३७ साली वाद झाला तेव्हा काँग्रेसच्या कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी सभांतून म्हणावीत असे ठरविले, कारण पुढील कडव्यांत देवीचे आवाहन आहे. गीत त्यागले नाही, आवाहन मात्र ज्याच्या त्याच्या भक्तीसाठी राखून ठेवले.

तिसरी युक्ती सर्वांत आदरणीय आहे: प्रार्थनेने सत्ताधीशात नम्रता येते. येते, हे मला मान्य आहे. पण ती एकांतात येते. चारचौघांत, छायाचित्रकारांसमोर, पुष्पगुच्छांच्या मधोमध केलेल्या पूजेने यजमानाची नम्रता वाढल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. उलट सत्तेला देवाच्या नावाचे कवच मिळाले म्हणजे तिला जाब विचारणे अवघड होते.

मग शासनाने उपासनेशी सर्व संबंध तोडावा काय? तसे मी म्हणत नाही. लोणावळ्याला नौदलाचे ‘शिवाजी’ हे प्रशिक्षणकेंद्र १९४५ पासून आहे. नौदलाचे बोधवाक्य तैत्तिरीय उपनिषदातून राजाजींच्या सूचनेने घेतले गेले, आणि त्यात वरुणाजवळ कल्याण मागितले आहे. घरदार सोडून समुद्रावर जाणाऱ्या खलाशाला आपल्या श्रद्धेचा आधार हवा असतो, आणि सैन्यदलांत सर्वधर्मस्थळे असतात ती त्यासाठी; ती सरकारची प्रार्थना नसून शिपायाच्या प्रार्थनेची केलेली सोय होय. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होणारी शासकीय महापूजाही पाहावी. तिच्यावर आक्षेप घेता येईल, तरी तिच्यात एक सौजन्य आहे: तेथे सरकार देवाच्या घरी जाते आणि रांगेत उभ्या असलेल्या एका वारकरी दांपत्याच्या शेजारी बसते. २०१८ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे तेव्हाचे मुख्यमंत्री पंढरपुरास गेले नाहीत, त्यांनी मुंबईतील निवासस्थानी पूजा केली. वारी नेहमीसारखीच झाली, विठ्ठलाचे काहीच अडले नाही. देवाच्या दारी सत्ता पाहुणी असते आणि तिने तसेच राहावे. कचेरीत मात्र देव पाहुणा होतो, यजमान सत्ता होते, आणि जो यजमान सत्तांतराबरोबर बदलतो त्याच्या आश्रयाला देवाने जावे हे कोणा भाविकाला सहन होऊ नये. तुकोबांच्या मावळातील माणसाने तरी ते सहन करू नये.

तरीही सभेचा आरंभ कोरडा असू नये, ही भावना रास्त आहे. आणि तिला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संविधान सभा भरली तेव्हा सुचेता कृपलानींनी ‘वंदे मातरम्’ म्हटले आणि त्यानंतर स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणाऱ्यांच्या स्मरणार्थ सभासद दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले. त्या स्तब्धतेत कोणी राम आठवला असेल, कोणी अल्ला, कोणी आपला फासावर गेलेला भाऊ. कोणाला काय आठवावे याचा जाबता नव्हता. लोणावळ्यातच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले आणि योगसाधनेची परीक्षा प्रयोगशाळेत करून पाहण्याचा मार्ग घातला. चित्त स्थिर करावयाला पंथाची दीक्षा घ्यावी लागत नाही, हे तेथे येणारा नाना धर्मांचा साधक नित्य अनुभवतो. सभेलाही तेवढीच स्थिरता पुरेशी आहे.

तस्मात् माझा अभिप्राय असा. वडगावच्या पंचायत समितीपासून दिल्लीच्या संसदेपर्यंत कोणत्याही शासकीय सभेच्या कामकाजात कोणत्याही धर्माची, किंवा सर्व धर्मांची, प्रार्थना असू नये. सार्वजनिक पैशाने पूजाविधी करू नयेत. आणि ज्या सभासदाला देवाला साकडे घालावयाचे आहे त्याने ते घरून, देवळातून, मशिदीतून, विहारातून घालून यावे, त्यात कोणी आड येऊ नये. सभा भरली की अध्यक्षांनी उद्देशिका वाचावी, सर्वांनी एक मिनिट स्तब्ध राहावे, आणि मग कार्यक्रमपत्रिकेतील पहिला विषय पुकारावा.